वरून बघायचंय तर आधी सांगा तरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालत होते, अंगात गाऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि वरून घूंऽऽ आवाज, बघते तर ड्रोन पाण्याच्या टाकीवर येऊन थांबलेला. शेजारचं पोरगं असेल म्हणून ओरडले पण. नंतर कळलं की घरपट्टीचा सर्व्हे चाललाय, कोणी वाढीव पत्रे टाकलेत का ते बघायला. बघा की, कोण नको म्हणतंय, पण आदल्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर एक कागद चिकटवायला काय झालं होतं? ऑफिसात जाऊन विचारलं फोटो कुठे आहेत, तर एजन्सीकडे. एजन्सी कुठली, तर साहेब जेवायला गेलेत.

बरं, सरकारला जमत नाही असंही नाही. घरांच्या मालकीचे कागद देणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणं मोजली तेव्हा माझ्या माहेरी आधी ग्रामसभा झाली, लोकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि मग ड्रोन उडाला, म्हातारी माणसं तर खुर्च्या टाकून बघत बसलेली. उलट २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन फिरायला लागले तेव्हा लोक काठ्या घेऊन जागत बसले, कारण कोणाचा आहे तेच कळेना.

ड्रोन नियम २०२१ मध्ये लग्नाच्या शूटिंगवाल्याला नोंदणी नंबर, पायलटचं सर्टिफिकेट, कुठे उडवता येईल त्याचे हिरवा पिवळा लाल झोन, हिरव्यातही ४०० फुटांच्या आतच, असं सगळं आहे. ते विमानांना धोका नको म्हणून, ठीकच आहे. पण कॅमेऱ्यात जे आलं ते किती दिवस ठेवायचं, कोणी बघायचं, पुसलं की नाही कोण तपासणार, यावर काही नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे म्हणावं तर त्याच्या कलम १७ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारण देऊन सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देता येते, म्हणजे झालंच! आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, गरज हवी आणि ते गरजेपुरतंच हवं. पत्रे मोजायला माझ्या कुरडयांची काय गरज?

विसर्जनाच्या गर्दीत, पुरात, समुद्रात बंदी असताना एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांवर ड्रोन उडवा, माझी काही तक्रार नाही. फक्त आधी नोटीस द्या, ड्रोनवर खात्याचं नाव लांबून दिसेल असं लिहा, आणि ज्याचं घर त्यात आलंय त्याने मागितलं तर फुटेज दाखवा. घरपट्टीसारख्या कामाला महिन्याभरात ते पुसून टाकायला काय हरकत आहे? पोलिसांना जास्त दिवस ठेवायचं असेल तर त्यांनी कारण लेखी द्यावं.

यंदा वाळवणाच्या वेळी मी वर हिरवी शेडनेट बांधली होती. त्यावर वाढीव बांधकामाची नोटीस आली तर परत लिहीनच.

आपली,
नियमित घरपट्टी भरणारी एक वाचक