नट गोल कसा झाला?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) या व्हिडिओ गेम मालिकेचे चाहते उगाच कुरकुरतात, असे म्हणणाऱ्यांनी २०२१ ची ‘ट्रिलॉजी’ आठवावी. ‘जीटीए ३’, ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ हे तीन जुने गेम नव्या रूपात आले, तेही मूळ आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून आधीच काढून टाकून! गेममधला पाऊस असा की पांढऱ्या रेघांपलीकडे रस्ता दिसेना. पण सर्वांत बोलकी चूक डोनटच्या दुकानावरची. मूळ पाटीवर डोनटऐवजी षटकोनी नट होता, नट-बोल्टातला. ‘टफ नट’ या दुकानाच्या नावावरची ती कोटी. कडा गुळगुळीत करण्याच्या नादात नट झाला गोल आणि विनोद गेला. विक्रीआधी हे कोणाच्या नजरेस पडू नये?

‘जीटीए’वाल्या रॉकस्टार कंपनीने माफी मागितली, दुरुस्त्याही केल्या. प्रकाशयोजना ताळ्यावर यायला मात्र २०२४ उजाडले.

सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘व्हाइस सिटी’त भटकलेली आमची पिढी फार काही मागत नाही. जुने आहे तसे विकत राहा. नवे करणारच असाल, तर आधी एकदा स्वतः खेळून बघा.

– एक वाचक, पुणे