वरातीच्या घोडीचं तोंड एकदा उघडून पाहा

महोदय,

तुळशीचं लग्न लागलं की इंदूरच्या रस्त्यांवर वराती निघू लागतील आणि बहुतेक वरातींत एक घोडी असेल. हंगाम सुरू होण्याआधीच तिच्याविषयी लिहावंसं वाटलं. पत्र लांबलं आहे, पण शक्यतो काटछाट करू नये ही विनंती.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. आयुष्यभर विज्ञान शिकवलं. माझे आजोबा होळकरांच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे होते. खरारा, तोबरा, चंदी, आगाडी-पिछाडी हे घोड्यांच्या निगेतले शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकतच मोठी झाले. पण प्रत्यक्ष घोड्याच्या अंगाला हात लावला तो साठी उलटल्यावर, आणि तोही माझ्या पुतण्याच्या वरातीत जे घडलं त्यानंतर.

डीजेची गाडी घोडीच्या मागे जेमतेम दहा पावलांवर होती. कॉलनीच्या वळणावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेवाला कसंबसं उतरवलं. घोडी धरणाऱ्या पोराने लगामाला हिसके दिले, दोन कोरडे ओढले. ‘नाठाळ आहे, दुसरी आणायला हवी होती’ असं म्हणणाऱ्यांत मीही होते. मग माझ्या पैठणीच्या पदरावर एक ओला, लाल डाग दिसला. घोडीच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेबरोबर रक्ताची तार लोंबत होती.

माझा भाचा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं घोडीवाल्याकडे गेलो. लगामाचा तोंडात जाणारा भाग भाच्याने माझ्या हातात दिला. त्या लोखंडाला खिळ्याच्या टोकांसारखे काटे होते. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांत अशा काटेरी लगामाला स्पष्ट मनाई आहे, हे मला त्या दिवशी कळलं. घोडीवाला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “दीदी, गर्दीत ही उधळली आणि एखादं लेकरू चिरडलं तर मी कुठं जाऊ?” त्याची भीती खरी होती. पण घोडीची भीतीही तितकीच खरी होती, आणि तिचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता.

घोडा हे भक्ष्य होणारं जनावर. संकट दिसलं की आधी पळायचं, मग विचार करायचा, हे त्याच्या रक्तात आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणजे आम्ही डीजे वाजवत होतो तो नेमका तिला न दिसणाऱ्या जागी. अंगावर माशी बसली तरी जिची कातडी थरथरते, तिच्या तोंडात आपण काटे घालतो.

त्या घोडीचं नाव चांदणी. मालकाच्या परवानगीने मी रोज सकाळी तिच्याकडे जाऊ लागले. सुरुवातीला सगळं चुकत गेलं. कौतुकाने कपाळ थोपटायला गेले की ती मान झटकायची, कारण माझा हात तिला दिसतच नव्हता. गूळ नेला तर ती यायची, पण गुळासाठी, माझ्यासाठी नाही. दोरी धरून ओढलं की खुंटासारखी उभी राहायची. मी जास्त ओढलं की ती मान वर करून आणखी मागे रेटायची.

भाच्याने एक गोष्ट समजावली. दोरी ओढल्याने घोडा शिकत नाही, दोरी सैल झाल्यावर शिकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरं आणि घोडे सांभाळता सांभाळता टॉम डोरन्स, रे हंट यांच्यासारख्या माणसांनी ही रीत लोकांपुढे ठेवली. तिला आज नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात. हलकासा ताण द्यायचा आणि थांबायचं. घोड्याने पुढे यायचा नुसता विचार केला, तरी त्याच क्षणी ताण सोडायचा.

ती सकाळ मला लख्ख आठवते. दोरी माझ्या दोन बोटांत, तिच्यात एका पेल्याएवढाही भार नाही. चांदणी हलेना. मीही हलले नाही. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मग तिच्या पुढच्या उजव्या पायावरचा भार किंचित डावीकडे सरकला. पाऊल उचललं नव्हतं, फक्त भार सरकला होता. मी बोटं उघडली, दोरी सैल पडली. चांदणीचा एक कान माझ्याकडे वळला, मान हळूहळू खाली आली आणि तिने ओठ चाटले, तोंडात काही नसताना चावल्यासारखं केलं. ताण उतरला की घोडा असं करतो. पुढच्या खेपेला तिने पाऊल टाकलं. त्या एका पावलाला चाळीस मिनिटं लागली होती. आता मी चालायला लागले की ती मागोमाग येते, दोरी जमिनीला टेकलेली असते. आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी खाजवलं की डोळे अर्धे मिटते. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे.

आपल्याच इंदूरच्या सुदीप्ती हजेला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली नेटकेपणाने करून घेण्याच्या प्रकारातल्या, सांघिक सुवर्णपदकाच्या मानकरी झाल्या. भारताला घोडेस्वारीतलं सुवर्ण ४१ वर्षांनी मिळालं. ड्रेसाजमध्ये स्वाराने घोड्याला दिलेली खूण पाहणाऱ्याला जवळजवळ दिसतच नाही, इतकी ती हलकी असते. त्या पदकानंतर मुलांना घोडेस्वारी शिकवावी असं वाटणारे पालक मला भेटतात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: पहिल्याच दिवशी पोराला खोगिरावर बसवून फोटो काढू नका. निदान पंधरा दिवस त्याला जमिनीवर राहू द्या, खरारा करू द्या, म्हणजे घोड्याचं अंग घासू द्या, खूर साफ करू द्या, घोड्याचे कान वाचायला शिकू द्या.

आणि लग्नघरांना हात जोडून विनंती आहे. घोडी ठरवताना भाव विचारता, तसा लगामही दाखवायला सांगा. काटे दिसले तर साध्या गुळगुळीत लगामाची अट घाला आणि ती पाळणाऱ्याला शे-दोनशे रुपये जास्त द्या. बँड-डीजे घोडीपासून लांब ठेवा, फटाके तिच्याजवळ नकोतच. ती थबकली तर हिसका देऊ देऊ नका. दोन मिनिटं सगळी वरात थांबली तर मुहूर्त टळत नाही.

चांदणीच्या तोंडात आता साधा लगाम आहे. तो तिच्या मालकाने स्वतःहून बदलला, मला न सांगता. त्याच्याकडे दुसरी एक तांबडी घोडी आहे. तिचा लगाम अजून तोच आहे. ‘हिचा भरवसा नाही दीदी,’ म्हणतो. गेल्या सोमवारपासून मी सकाळचा पहिला अर्धा तास तिच्याजवळ उभी राहते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
राजेंद्रनगर, इंदूर