लाइफटाइम ऑइल आणि मांजरसुंब्याचा घाट

मा. संपादक,

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्लच दाबणे जिवावर येऊ लागले, म्हणून मी 2015 ची एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. 92 हजार किलोमीटर झाल्यावर ती दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना पाठीत गुद्दा घातल्यासारखा झटका देऊ लागली. शहरातल्या सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथला मुलगा म्हणाला, ‘‘काका, गिअरबॉक्समध्ये लाइफटाइम ऑइल असतं, ते बदलायचं नसतं.’’ किती वर्षांची लाइफ, असे विचारले तर नुसता हसला.

घरी येऊन गाडीसोबतची इंग्रजी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली (निवृत्त शिक्षकाला वेळच वेळ). मागच्या पानावर बारीक अक्षरात ‘कठीण वापरा’चे वेगळे कोष्टक निघाले. कडक ऊन, चढ, धूळ आणि रांगत चालणारी वाहतूक असेल तर ऑइल ठरावीक किलोमीटरला बदला, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. अंबाजोगाई ते बीड रस्त्यावर यातले काय नाही? या प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या भागातले) तेलच पुढे ढकलते. गाडीने वेग घेतला की आतला लॉक बसतो आणि जोर तेलाऐवजी थेट जातो. पण हंगामात उसाच्या जोडट्रॉलीमागे सरपटताना तो बसत नाही, तेल नुसते घुसळले जाते आणि तापते. मे महिन्यात बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढताना तर विचारायलाच नको. माझ्या ट्रॅक्टरचे ऑइल मी मीटरवरचे तास मोजून बदलतो. ट्रॅक्टरला जो न्याय, तो गाडीला नको?

शेवटी लातूरला गॅरेज चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याआधी गावातला मिस्त्री पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा डबा घेऊन तयारच होता. ‘‘सर, हे बी लालच हाय की, काय फरक पडतंय?’’ फरक पडतो. रंग एक असला तरी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल लागते. सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुली असलेल्या ऑटोमॅटिक) गाडीचे आणखी वेगळे. शेजाऱ्यांची गाडी एएमटी आहे, तिचा गिअरबॉक्स साध्या मॅन्युअलसारखाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलते. त्यांना उगाच घाबरवू नये.

लातूरला गिअरबॉक्सखालचे चेंबर (तेलाचे भांडे) उघडले तेव्हा लाल ऑइल काळपट झालेले, करपल्याचा वास येणारे आणि आतल्या चुंबकावर करड्या लोखंडी चिखलाचा थर. नटातून साडेतीन लिटरच निघाले, जवळपास तेवढेच कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या नळ्यांमध्ये राहते. म्हणून हजार किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलले, फिल्टर नवा टाकला. दोन्ही वेळचे मिळून साडेनऊ हजार लागले. गिअरबॉक्स खोलण्याचा अंदाज मला दीड लाखाचा मिळाला होता.

खरी गंमत पातळी बघण्यात. माझ्या गाडीला काडी नाही. गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, ऑइल साधारण 40 अंशांवर असताना बाजूचा नट काढायचा. बारीक धार लागून थेंबावर आली की पातळी बरोबर. आता मेच्या दुपारी लातुरात हवाच 40 अंश! पहिल्या दिवशी गाडी चालवत नेली होती, ऑइलचे तापमान काही केल्या खाली येईना. रात्रभर गाडी गॅरेजातच ठेवली, मी भावकीत मुक्काम केला आणि पहाटे सहाला, स्कॅनरवर ऑइलच्या तापमानाचा आकडा बघत, काम उरकले. हे न करता अंदाजाने ओतणारे गॅरेजवाले मी पाहिले आहेत. कमी पडले तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरतात, जास्त झाले तर फेस होतो.

झटका गेला. वाहन कंपन्यांना माझे म्हणणे एवढेच, की ‘कठीण वापरा’चे ते कोष्टक मराठीत आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापा. सर्व्हिस सेंटरनेही गिअरबॉक्सचे काम केले की ऑइलची ग्रेड आणि किती लिटर घातले ते जॉबकार्डवर लिहून द्यावे. निघालेले काळे ऑइल मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवले आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला ती बरणी त्या हसणाऱ्या मुलाच्या काउंटरवर ठेवणार आहे.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई