कोलोनचा डोम आणि माझं ‘छान आहे’

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पुन्हा टोमणा मारलास, “बाबा, एवढं कोलोनला नेलं आणि तुम्ही नुसतं ‘छान आहे’ म्हणालात.” फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी डोमला, म्हणजे जर्मनीतल्या कोलोनच्या त्या मोठ्या चर्चला, जाताना मला वाटलं होतं, स्टेशनवरून थोडं चालावं लागेल. लांबून शिखर दिसेल, हात जोडायला वेळ मिळेल, मग हळूहळू जवळ जाऊ. तर स्टेशनाचं दार उघडलं आणि समोर काळा कडाच उभा. मान मागे टाकली तेव्हा पडलेली माझी टोपी तूच उचललीस. १५७ मीटर! माझ्या हातून झालेलं सगळ्यात उंच बांधकाम म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावर मी तीस वर्षं मिजास केली.

आत शिरल्यावर सवयीनं आधी खांब बघितले. खांब कुठं संपतो आणि छत कुठं सुरू होतं, तेच कळेना. आजोळी पोफळीच्या बागेत उताणा पडून मी वर बघत असे. सरळसोट खोडं जातात जातात आणि अगदी शेवटी फाटे फुटून एकमेकांत मिसळतात. तसंच. फक्त हे दगडाचं, आणि ४३ मीटरवर. मग भिंत शोधायला लागलो. भिंत जवळजवळ नाहीच, काचच काच. एवढ्या दगडी छताचा रेटा मग घेतंय कोण?

उत्तर बाहेर होतं. दहीहंडीचा थर आठव. आतल्या माणसांच्या खांद्यांवर वजन असतं, पण बाहेरून कडं करून जी माणसं आत रेलून उभी असतात, ती नसतील तर सगळं फाकून खाली येईल. डोमच्या बाहेर त्या तिरप्या कमानी आहेत ना, तू ज्यांना कोळ्याचे पाय म्हणालीस, ती ही बाहेरची माणसं. रेटा त्या घेतात, म्हणून भिंतीला कामच उरत नाही आणि तिच्या जागी काच बसवता येते. टोकदार कमानीची त्यात मोठी मदत. अर्धगोल कमानीपेक्षा ती बाजूला कमी ढकलते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं.

दक्षिणेकडची ती नवी खिडकी, गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकारानं केलेली, २००७ सालची, मला आधी मुळीच आवडली नव्हती. ना येशू, ना संत, नुसते चौकोन. ११,२६३ तुकडे, ७२ रंग, आणि कुठला रंग कुठं हे बरंचसं संगणकाच्या चिठ्ठ्यांवर सोडलेलं! बाथरूमच्या टाइल्स म्हणून मी पुटपुटलोही. मग ऊन आलं. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरवं, जांभळं, केशरी सांडलं, शेजारच्या खांबावर चढलं. तू फोटो काढायला सांगत होतीस आणि मी हलत नव्हतो, ते यामुळं. हललो असतो तर रंग गेले असते.

पायाचा दगड १५ ऑगस्ट १२४८ चा. तारीख वाचून हसू आलं. आपली ज्ञानेश्वरी त्यानंतर बेचाळीस वर्षांनी. १५६० च्या सुमारास काम बंदच पडलं. दक्षिणेच्या अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवायची लाकडी यारी, म्हणजे क्रेन, होती. चाकात माणसं चालायची आणि दगड वर यायचा. ती तशीच राहिली, तीनशेच्या वर वर्षं. रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हाही ती तिथंच उभी होती. उतरवली १८६८ ला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं ते जुन्या नकाशावरून. त्याचा एक तुकडा १८१४ मध्ये डार्मश्टाटला एका माळ्यावर मिळाला, दुसरा पॅरिसला. आमच्या ऑफिसात दहा वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग मागितलं की शिपाई अंग काढून घ्यायचा. १८८० ला इमारत पुरी झाली. ६३२ वर्षं! आणि मी कंत्राटदाराला आठवड्याची मुदतवाढ द्यायला कां-कूं करायचो.

आता एक कबुली. तू कॅफेत ऑफिसचा कॉल घेत होतीस, तेव्हा मी ‘बाहेरून चक्कर मारून येतो’ म्हणालो. मी मनोऱ्यावर गेलो होतो. ५३३ पायऱ्या, गोल जिना, चढणारे-उतरणारे त्याच अरुंद वाटेनं. मध्ये चोवीस टनांची घंटा लागते. तिकडचे लोक तिला जाडा पीटर म्हणतात. तिथं दम खाल्ला.

वर ऱ्हाईन नदी दिसते, आगगाड्या खेळण्यातल्या दिसतात. मी मात्र जाळीतून दगडच बघत बसलो. खालून कुणाच्याही नजरेस पडणार नाही अशा जागी पानं कोरली आहेत, शिरांसकट. हे काम एकोणिसाव्या शतकातलं, पगारी पाथरवटांचं. आणि मी टाकीच्या मागच्या बाजूला, जिथं साहेबाची नजर पोचत नव्हती तिथं, गिलावा पातळ चालवून घेतला होता. १९९१ साली. पानं बघताना तो गिलावा डोळ्यांसमोर आला. खाली येऊन तुला काय सांगणार होतो? ‘छान आहे’ म्हणालो.

गुडघा अजून दुखतो. विमानात आखडला असं आईला सांगितलंय, तेच कायम ठेव.

तुझा,
बाबा