मेस्त्रीमामा, कार्बोरेटर शेवटी लावलात म्हणून

आदरणीय मेस्त्रीमामा,

सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "ऱ्हाऊ दे वो ताई" म्हणता आणि लगेच ब्रेक कसे लागतायत ते विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आमच्या जीपचं तुम्ही जे काम केलंत, ते ज्या पद्धतीने केलंत, ते जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं असं मला वाटतं.

गाडी तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. महिंद्राची जुनी पेट्रोल जीप, मागे लोखंडी हौदा बांधलेली. इंजिन चार सिलिंडरचं 'हरिकेन', 2199 सीसी. या इंजिनाचा इनलेट व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारा) वर हेडमध्ये असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा) खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावं म्हणून विलीज या मूळ अमेरिकन कंपनीने जीपचं बॉनेटच उंच केलं. आबांनी ही गाडी वापरलेलीच घेतली होती. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पोती, काजूची कलमं, शेणखत, लग्नाची भांडी, हौद्यातून सगळं गेलंय. आबांना आता चालवायला जमत नाही, पण संध्याकाळी एकदा तिच्याभोवती चक्कर मारल्याशिवाय ते घरात येत नाहीत.

ती गाडी तुमच्याकडे आली तेव्हा तिच्यात दम उरला नव्हता. सावंतवाडीहून आंबोली चढताना दुसऱ्या गिअरलाही गुदमरायची. सिग्नलला उभी राहिली की इंजिनाचा आवाज वर-खाली व्हायचा. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जायचा. आधीच्या एका गॅरेजात हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा मूळ सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर काढून टाकला होता आणि कुठल्यातरी लहान इंजिनाच्या गाडीचा कार्बोरेटर मधे पट्टी घालून बसवला होता. मूळचा भंगारात गेला. त्यानंतर ज्याला दाखवावं तो एकच सांगायचा, डिझेल इंजिन टाका नाहीतर विकून टाका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तुमच्या दारात गाडी उभी केली तेव्हा तुमच्याकडूनही तेच ऐकावं लागणार अशी मनाची तयारी करून आम्ही आलो होतो.

तुम्ही बॉनेट उघडलंत आणि कार्बोरेटरकडे बघितलंसुद्धा नाहीत. ऑइलची दांडी काढलीत, दोन बोटांत ऑइल चोळलंत, वास घेतलात आणि दांडी माझ्यापुढे धरलीत. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरला पोचवणाऱ्या पंपाचा रबरी पडदा फाटला होता. हा पंप इंजिनालाच जोडलेला असतो, त्यामुळे पेट्रोल पडद्यातून थेट खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं आणि ऑइल पातळ करत होतं. कार्बोरेटर नवा टाकला असता, अगदी सोन्याचा टाकला असता, तरी चढावर त्याला पुरेसं पेट्रोल मिळालंच नसतं आणि बेअरिंगं मात्र झिजत राहिली असती. "कार्बोरेटरला हात शेवटाला लावायचा ताई. आदी व्हॉल्व्ह, मग करंट, मग बाकीचं." हे तुमचं वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.

आणि तुम्ही खरंच त्याच क्रमाने गेलात. कॉम्प्रेशन मोजलंत, तिसरा सिलिंडर कमी निघाला. त्याच्या एक्झॉस्ट टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाला, गॅपच उरला नव्हता, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. या इंजिनाचे एक्झॉस्ट टॅपेट बाजूचं कव्हर काढून, मॅनिफोल्डच्या अडचणीत हात घालून सेट करावे लागतात, म्हणून बरेच जण वरचे इनलेट तेवढे करतात आणि झाकण लावतात. तुम्ही थंड इंजिनावर इनलेट अठरा थाव आणि एक्झॉस्ट सोळा थाव (एक थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आठच्या आठ व्हॉल्व्ह फिलर गेज घालून केलेत. मग प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर. पॉइंटचा गॅप वीस थाव ठेवला तरी शाफ्टच त्याच्या बुशमध्ये (ज्या कड्यात तो फिरतो त्यात) हलत असल्यामुळे तो गॅप प्रत्येक फेरीला बदलत होता. तुम्ही आधी बुश बदललात आणि मगच नवे पॉइंट बसवलेत. एवढं झाल्यावर तोच चुकीचा कार्बोरेटर असूनही गाडी निम्मी सुधारली होती. दुसरा कोणी असता तर तिथेच बिल फाडलं असतं.

आता सोलेक्सबद्दल. जुन्या बाजारातून तुम्ही जो कार्बोरेटर शोधून आणलात तो बघून माझी निराशा झाली होती, कारण त्याचा ॲक्सिलरेटरचा शाफ्ट हाताने हलवला की खुळखुळत होता. शाफ्ट पितळी आणि बॉडी मऊ धातूची, वर्षानुवर्षं स्प्रिंग एकाच बाजूला ओढत राहते आणि भोक लंबगोल होतं. मग तिथून फुकटची हवा आत शिरते. ती हवा कुठल्याच जेटला, म्हणजे मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाला, मोजता येत नाही. लोक मग स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतात, आयडलला (गाडी उभी असताना) धूर होतो, पीयूसी नापास होते. आमच्या गाडीवर बसवलेल्या त्या चुकीच्या कार्बोरेटरचंही हेच दुखणं होतं हे तुम्ही इंजिन चालू ठेवून शाफ्टच्या टोकाशी ऑइलचे थेंब सोडून मला दाखवलंत. ऑइलने फट बुजली तेवढा वेळ आवाज एका सुरात आला आणि ऑइल आत ओढलं गेल्यावर पुन्हा बिघडला. इतक्या सोप्या रीतीने दोष डोळ्यांना दिसू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

शेजारच्या लेथवर तुम्ही ती दोन्ही भोकं रीमर मारून गोल करून घेतलीत आणि पितळी बुश ठोकून घेतले. पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते बटरफ्लायचं काम. ॲक्सिलरेटर दाबला की हवेची वाट उघडणारी ती पातळ चकती शाफ्टमध्ये सरकवलीत, स्क्रू नुसते अडकवलेत, आणि बॉडी बल्बसमोर धरून डोळा बारीक करून आतून बघत बसलात. चकतीच्या एका अंगाला उजेडाची कड जाड दिसत होती. बोटाच्या टोकाने केसभर ढकलायची, पुन्हा बघायचं. चहा आला, निवला, मुलगा परत घेऊन गेला. उजेडाची कड सगळीकडून सारखी झाल्यावरच तुम्ही स्क्रू आवळलेत आणि सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून त्यांची टोकं पंचने पसरवलीत. मग बॉडी माझ्या हातात दिलीत, "बगा." तो उजेड मी बघितलाय, मामा, आणि त्या दिवसापासून गाडीच्या कामाकडे बघण्याची माझी नजर बदलली आहे.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलंय हे ओळखलंत. सोल्डर मारून भागलं असतं असं तुमचा पोरगा म्हणाला, त्यावर तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत की सोल्डरचं वजन वाढलं की फ्लोट खाली बसतो आणि पेट्रोलची पातळी वर जाते. नवा फ्लोट घातलात, पेट्रोल अडवणाऱ्या निडलखाली वॉशर बदलून पातळी जुळवलीत. जेटमध्ये तार घालायला निघालेल्या त्याच पोराचा हात धरलात. पितळेचं भोक तारेने रुंदावलं की जेटवरचा नंबर खोटा ठरतो, हवेने फुंकायचं, हेही त्याला न रागावता सांगितलंत. तो पोरगा भाग्यवान आहे.

इथेनॉलचंही तुमच्याइतकं नीट मला कोणी समजावलं नव्हतं. 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर ते आपल्याच उसातून, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघतं. शेतकरी म्हणून मला त्याचं वावडं नाही. पण ही गाडी बनली तेव्हा हे पेट्रोल नव्हतं. जुनं रबर त्यात फुगतं, कडक होतं, चिरतं. इथेनॉल पाणी ओढतं, गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसून गंज धरतं. शिवाय इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण बारीक पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. म्हणून तुम्ही सगळे पाइप बदललेत, व्हायटन (इथेनॉलला टिकणारं रबर) टोकाची निडल घातलीत, पंपाचे आणि ॲक्सिलरेटर पंपाचे पडदे इथेनॉलला टिकणारे शोधलेत, टाकी उतरवून धुतलीत आणि मेन जेट पाच अंकांनी वाढवलात. सोलेक्सच्या जेटवरचा अंक म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे भोक फक्त 0.05 मिलिमीटरने मोठं झालं. एवढ्याशा फरकाने घाटात काय होतं ते मी स्वतः अनुभवलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दाणोलीपासून भरल्या हौद्याने आंबोली चढले, वर सपाटीला गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद केलं आणि जरा निवल्यावर प्लग काढले. चारही प्लग फिकट तपकिरी, एकसारखे, म्हणजे मिश्रण बरोबर जमलेलं. फोटो पाठवला तेव्हा तुम्ही नुसता अंगठा पाठवलात, पण तुमच्या पोराने मला सांगितलं की तो फोटो तुम्ही अख्ख्या गल्लीला दाखवलात.

स्टिअरिंगच्या बेलक्रँकचे बुश, पाट्यांच्या शॅकलच्या पिना, ब्रेकच्या व्हील सिलिंडरची रबरं हीही कामं झाली. त्यांचं बिल तुम्ही वेगळं करून दिलंत, जुना प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत दिलात आणि स्टिअरिंगचा पिटमन आर्म अजून दोन वर्षं जाईल म्हणून हात लावला नाहीत. दर पार्टापुढे तुम्ही 'का' ते लिहिलंय. असं बिल मी आजवर पाहिलं नव्हतं. आबांनी ते मोठ्याने वाचून घेतलं, दोनदा.

लेथवाल्या दादांनाही आमचा नमस्कार सांगा, त्यांची आणि आमची नीट ओळखही झाली नाही. पीयूसी पहिल्याच फेरीत पास झाली आहे. पहिलं ऑइल तुम्ही लवकर बदलायला सांगितलंय, त्यासाठी दिवाळीनंतर गाडी घेऊन येते, आणि या वेळी आबाही बरोबर येणार म्हणतायत. यंदाच्या घनसाळचं एक पोतं तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. ते हौद्यात असेल, आणि नको म्हणायचं नाही.

तुमची ऋणी,
आजऱ्याची जीपवाली ताई