शहीद पोलिसाच्या घरच्यांच्या विम्याचं काय?

संपादक महोदय,

अमेरिकेत ड्युटीवर मारल्या गेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीवरचा तुमचा लेख वाचला, लेख चांगलाच आहे पण हेल्थ इन्शुरन्सचा मुद्दा त्यात राहूनच गेला. तिकडे १९७६ पासून केंद्राचा कायदा आहे, त्यातून एकरकमी पैसे मिळतात, नंतर शिक्षणासाठीही मदत सुरू झाली. पण तिथे बहुतेकांचा विमा नोकरीशी बांधलेला असतो, मग नोकरी करणारा माणूसच गेला तर? कोब्रा नावाच्या कायद्याने तीच पॉलिसी ३६ महिने चालू ठेवता येते खरी, पण आधी डिपार्टमेंट भरायचं तो हिस्सासुद्धा घरच्यांकडूनच घेता येतो, वर २ टक्क्यांपर्यंत चार्ज. म्हणजे घरातला पगार बंद आणि प्रीमियम मात्र वाढलेला, आणि लहान पोरं असतील तर दवाखाना काही थांबत नाही, हे वाचून खरंच जीव तुटतो. इलिनॉय राज्याने १९९७ मध्ये कायदा करून अशा कुटुंबाचा सगळा प्रीमियम पोलिसाला नोकरीवर ठेवणाऱ्या संस्थेवरच टाकला, मूल शिकत असेल तर २५ व्या वर्षापर्यंत. हीच सोय केंद्राच्या कायद्यात घाला, म्हणजे कुठल्या राज्यात नोकरी होती यावर काही अवलंबून राहणार नाही.

– एक वाचक