गोळी हातात देताना कोणी बोलणार आहे का? अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचची विक्री थांबवा, अशी सूचना आपल्या प्रशासनाने काढली. त्याआधीच मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडून नागपूरला आणलेली लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली होती. तमिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. मर्यादा ०.१ टक्का आहे. सूचना काढलीत, त्याबद्दल आभार.

पण सिरपच्या बाटलीवर बॅच छापलेली तरी असते. उद्या अशीच सूचना गोळ्यांबद्दल काढावी लागली, तर घरातल्या माणसाने ती ताडून कशी पाहायची? दहाच्या पट्टीतून तीन गोळ्या कापून दिल्या की बॅच आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. मागितल्याशिवाय बिल मिळत नाही. पट्टी नेहमी छपाई नसलेल्या टोकाकडून कापावी आणि सुट्या गोळ्या पाकिटात घालून त्यावर नाव, किती मिलिग्रॅम, बॅच, मुदत लिहावी, एवढंच हे काम आहे.

याहून मोठी जीवघेणी चूक वेगळीच आहे. आमवातावर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि फॉलिक ॲसिड सहसा दुसऱ्या दिवशी. दोन्ही गोळ्या बारीक, पुष्कळदा दोन्ही पिवळ्या. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेटपुढे नुसतं ‘१-०-०’ (सकाळी एक, दुपारी आणि रात्री नाही) असेल, तर सून किंवा मुलगा ती गोळी रोज सकाळी देतो. काही दिवसांत तोंडात फोड येतात, ताप चढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. तोंड आलं म्हणून घरचे बी-कॉम्प्लेक्स आणतात आणि मेथोट्रेक्सेट चालूच राहते. ‘दर रविवारी, इतर कोणत्याही दिवशी नाही’ हे मराठीत पाकिटावर लिहायला, तोंडी सांगायला आणि चारच आठवड्यांच्या गोळ्या मोजून द्यायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं देणारं काउंटरपलीकडे कोणी नसतं.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचंही तेच. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५. सिरपच्या हिशेबाने थेंबांचं औषध चमच्याने पाजलं, तर चौपट मात्रा पोटात जाते. बाटली बदलली की मिलिलिटर बदलतात, हे आईला सांगायलाच हवं. आणि माप बाटलीबरोबर आलेलंच वापरायचं, स्वयंपाकघरातला चमचा नाही. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी काही आठवडे घेऊन बरं वाटलं म्हणून एकदम सोडायची नसते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असलेल्या माणसाला पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक दिली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हे सगळं डॉक्टरांनी सांगायचं आणि फार्मासिस्टने पुन्हा तपासायचं, अशी ही दुहेरी राखण आहे.

कायदा नाही असं तर मुळीच नाही. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतला ६५ वा नियम काढून पाहा. चिठ्ठीवर सही, तारीख, रुग्णाचं नाव आणि मात्रा हवी. डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल, तर औषध एकदाच द्यायचं आणि दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव व तारीख टाकायची. हा शिक्का पडत नाही, म्हणून तीच मळकी चिठ्ठी वर्षानुवर्षं फिरते. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ ही जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी लागू आहे: सुरुवातीला ४६ औषधं, रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नावासह स्वतंत्र नोंदवही, ती तीन वर्षं जपायची. ही वही किती दुकानांत रोज भरली जाते, ते आपण जाहीर करा. पट्टीवर लाल रेघ असलेलं अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं २०१६ मध्ये देशभर सांगितलं गेलं. आजही ते नुसत्या नावावर मिळतं, दोन दिवसांपुरतं, सुटं.

नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी औषध देऊ नये, असं १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. प्रत्यक्षात भिंतीवर प्रमाणपत्र असतं आणि माणूस नसतो. प्रमाणपत्र भाड्याने देणारे आमच्याच व्यवसायातले आहेत, आणि याची मला मनापासून लाज वाटते. पण महेश झगडे आपल्याच प्रशासनाचे आयुक्त असताना याच राज्यात, याच कायद्याखाली अशा दुकानांवर कारवाई झाली होती, विक्रेत्यांच्या विरोधाला न जुमानता. मग आता का होत नाही?

डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हा नियम २०१६ चा. ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ चा. तो मसुदाच राहिला. औषध नियमनाचा आढावा घेणाऱ्या डॉ. माशेलकर समितीने २००३ मध्ये २०० दुकानांमागे एक निरीक्षक मागितला होता. तक्रार घेऊन गेलं की अक्षराचा प्रश्न वैद्यक परिषदेकडे, फार्मासिस्टचा फार्मसी परिषदेकडे, ऑनलाइनचा दिल्लीकडे आणि दुकानाचा तुमच्याकडे. गोळी मात्र एकाच माणसाच्या पोटात जाते, आणि त्याच्यासाठी यातलं एकही कार्यालय जबाबदार नाही. ही वाटणी तुम्ही राज्यकर्त्यांनीच केली आहे आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

मागणी मोठी नाही. सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत नाव, मात्रा, वेळ, बॅच आणि मुदत. चिठ्ठीवर दुकानाचा तारखेसह शिक्का. दुकानाच्या दर्शनी भागात त्या क्षणी हजर असलेल्या फार्मासिस्टचं नाव. आणि त्याखाली औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार नोंदवायचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक. निरीक्षकाने दुकानात पाऊल ठेवताच आधी या चार गोष्टी पाहाव्यात.

असा आदेश कोणत्या तारखेपासून लागू होणार, तेवढं उत्तरात कळवावं.

आपली,
महाराष्ट्रातील एक नोंदणीकृत फार्मासिस्ट